हिरव्या झाडाला कात्री

दरवर्षी फेब्रुवारी संपत आला की आम्ही फ्यूशियांची छाटणी काढतो. त्या वेळी काचघरात नुसत्या काटक्या उभ्या असतात. पानं डिसेंबर-जानेवारीतच गळून गेलेली, साल भुरकट, माती कोरडी होऊन कुंडीच्या कडेपासून सुटलेली. नवखा माणूस म्हणेल, सगळी मेली. आपण कात्री घेऊन बसायचं, काडीवर नखाने हलकं खरवडायचं, आत हिरवं लागलं की तिथे दोन डोळे राखून वरचं उडवायचं. हात भराभर चालतो, कारण मनात शंका नसते. थंडीने आधीच निकाल लावलेला असतो, आपण फक्त आवराआवर करायची.

२०२४ च्या फेब्रुवारीत दार उघडलं तेव्हा आत श्रावणासारखं हिरवं होतं. जवळजवळ तीनशे कुंड्या, आणि एकाही झाडाने पानं टाकलेली नव्हती. काही काड्यांच्या टोकाला तर कळ्या लोंबत होत्या. काचघरातला हीटर आम्ही पाच अंशांवर लावून ठेवतो. पारा त्याखाली जाऊ लागला की तो आपोआप सुरू होतो. त्या हिवाळ्यात तो मोजक्याच रात्री चालला. पुढे इथल्या हवामान खात्याने जाहीर केलं की इंग्लंड आणि वेल्ससाठी नोंदी सुरू झाल्यापासूनचा हा सर्वांत उबदार फेब्रुवारी होता. आम्हाला ते खात्याच्या आधी झाडांनी सांगितलं होतं.

मी डेव्हनमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, एका रोपवाटिकेत काम करते. लग्नानंतर इकडे आले आणि २०१८ पासून या कामात आहे. माहेर निफाड तालुक्यातलं, घरी द्राक्षबाग. कात्री हातात धरायला मला इथे कुणी शिकवलं नाही, ती मी घरूनच शिकून आले होते. पण कात्री कधी धरावी आणि कुठल्या झाडावर चालवताना मन घट्ट करावं लागतं, हे इथे फ्यूशियांनी शिकवलं.

ज्यांनी हे झाड पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. फ्यूशियाची फुलं कानातल्या डुलांसारखी खाली लोंबतात. वरच्या चार पाकळ्या मागे वळलेल्या असतात, त्यांच्या आत घागऱ्यासारखा दुसरा घेर, आणि त्यातून खाली आलेले लांब पुंकेसर. रंग बहुतेक वेळा वर लाल किंवा राणी, आत जांभळा. आपण साडीच्या दुकानात ज्याला राणी कलर म्हणतो, त्याच रंगाला इंग्रजीत या फुलाचं नाव आहे. मूळ झाडं मुख्यतः मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, थोड्या जाती न्यूझीलंडकडच्या. चार्ल्स प्लूमिए या फ्रेंच साधू-वनस्पतिशास्त्रज्ञाला हे झाड कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावर सापडलं. १७०३ साली त्याने ते छापून जगापुढे ठेवलं आणि लिओनहार्ट फुक्स या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्याचं नाव त्याला दिलं. फुक्सने हे फूल आयुष्यात कधी पाहिलंच नव्हतं. दक्षिण अमेरिकेच्या थेट खालच्या टोकाकडची मॅजेलानिका ही जात मात्र इथल्या हवेत अशी रुळली की डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तिची कुंपणं झाली आहेत. आयरिश भाषेत तिला ‘देवाचे अश्रू’ अशा अर्थाचं नाव आहे.

आता पुन्हा काचघराकडे, पण त्याआधी थोडं द्राक्षाबद्दल.

थंड देशातली द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते. पानं झडतात, वेल निपचित पडते, वर्षातून एकदा छाटणी झाली की झालं. आमच्या नाशिककडे वेलीला झोपेल एवढी थंडीच मिळत नाही. म्हणून आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. एप्रिलची काडी तयार करायला, ऑक्टोबरची घड धरायला. ऑक्टोबरच्या छाटणीला वेल हिरवीगार असते. तरी पानं काढायची, कात्री लावायची, डोळ्यांना पेस्ट लावायची आणि मग वेल फुटते. वेल झोपत नाही, तेव्हा झोपवणं आणि उठवणं दोन्ही शेतकऱ्याच्या हातात. लहानपणापासून हे डोळ्यांसमोर झालेलं. त्यामुळे हिरव्या फ्यूशियांवर कात्री चालवताना मला काही वाटायला नको होतं. पण वाटलं, आणि एकदा त्यापायी नुकसानही झालं.

माझं पहिलं वर्ष २०१८. रुजू होऊन महिनाही झाला नव्हता आणि मार्चच्या पहिल्या तारखेला बर्फाचं वादळ आलं. या भागासाठी लाल इशारा निघाला होता. दोन दिवस रस्ते बंद. नंतर जाऊन बघितलं तर बाहेरच्या फ्यूशिया जमिनीपर्यंत काळ्या पडलेल्या. मला रडू आलं. आमच्या मुख्य माळीणबाई, ज्यांच्याकडून मी हे काम शिकले, पंच्याहत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांनी गुडघ्यावर बसून बोटाने माती उकरली आणि दाखवलं, बुंध्याशी मातीखाली काडी पांढरट, रसरशीत होती. “लावताना चार बोटं खोल का लावायचं, ते आता कळलं?” एवढंच म्हणाल्या. मे महिन्यात त्याच बुंध्यांतून बोटभर जाडीचे कोंब वर आले. त्या वर्षी छाटणीचा प्रश्नच आला नाही, वादळाने छाटणी करून टाकली होती.

दुसऱ्या वर्षी उलट. २०१९ च्या फेब्रुवारीअखेर या देशात हिवाळ्यात पहिल्यांदाच पारा वीस अंशांवर गेला. लंडनमधल्या क्यू उद्यानात एकवीसच्या पुढे. लोक फेब्रुवारीत अर्ध्या बाह्यांनी फिरत होते. काचघरातल्या झाडांना कोवळी फूट आलेली. बाई त्या आठवड्यात आजारी होत्या आणि छाटणी माझ्यावर सोपवलेली. मी निम्म्या कुंड्या छाटल्या. उरलेल्यांतली चाळीसेक झाडं इतकी सुंदर दिसत होती, इतकी तरतरीत, की मला कात्री लावायचा धीर झाला नाही. नुसते शेंडे खुडले आणि ठेवली. म्हटलं, आयती वाढ मिळतेय, कशाला घालवा. जूनमध्ये ती चाळीस झाडं ओळखू येत होती. खालचं लाकूड उघडं, जुनं, खडबडीत, त्यावर एक पान नाही, आणि सगळी फुलं वर टोकाला. वाऱ्याची एक झुळूक आली की काडी सांध्यातून तुटायची. पानांच्या मागे पांढरी माशी अशी की कुंडी उचलली की ढग उठायचा. शेजारची, खोडापर्यंत छाटलेली झाडं मात्र घुमटासारखी भरलेली, मातीपासून फुललेली. चाळीसच्या चाळीस झाडं अर्ध्या भावात गेली. बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “थंडी आली नाही तर थंडीचं काम आपण करायचं.”

म्हणून २०२४ साली ते हिरवं काचघर बघितलं तेव्हा आधी पाणी तोडलं. आपल्याकडे डाळिंबाला, मोसंबीला बहार धरण्यापूर्वी ताण देतात, तोच हा ताण. आठ-दहा दिवस पाण्याचा थेंब नाही. याला कारण आहे. मुळं पाणी ओढत असताना, रस वर चढलेला असताना फ्यूशिया छाटली तर कापलेल्या टोकातून पाणी गळत राहतं. दोन-दोन दिवस गळतं, काडी वरून सडत खाली येते. नेहमीच्या हिवाळ्यात झाड सुस्त असतं, त्यामुळे एवढी काळजी लागत नाही. उबदार हिवाळ्यात ते जागं असतं. पाणी तोडलं की पाचव्या-सहाव्या दिवशी पानं मलूल होतात, खालची पिवळी पडतात. बघवत नाही, पण तोच आपला मुहूर्त.

मग पानं काढणं. हे काम कुणी पुस्तकात फारसं रंगवून लिहीत नाही, पण उबदार हिवाळ्यानंतर अर्धी लढाई इथेच आहे. थंडीने पानं गळतात तेव्हा पानांवरची रोगराईही त्यांच्याबरोबर जाते. पान हिवाळाभर टिकलं की त्यावरचं सगळंही टिकतं. पान उलटं करून बघावं. मागच्या बाजूला नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. गव्हावर असतो तसाच दिसतो, पण हा फ्यूशियाचा वेगळा. तो इथल्या रानात उगवणाऱ्या विलोहर्ब नावाच्या तणावरही जगतो, कारण ते तण फ्यूशियाच्याच कुळातलं. बारीक पांढऱ्या खवल्यांसारखं काही दिसलं तर ती पांढऱ्या माशीची पिल्लं. आणि शेंडा सुजलेला, लालसर, चुरगळलेला, फुलकोबीच्या तुऱ्यासारखा दिसला तर मात्र छातीत धस्स होतं. ती गाठ आणणारी कोळी-कीड. ब्राझीलमध्ये पहिल्यांदा सापडली आणि इंग्लंडात २००७ मध्ये आली. डोळ्यांना दिसत नाही, कळीच्या खवल्यांत दडून बसते, वाऱ्याने, मधमाश्यांच्या अंगावरून, आपल्या कपड्यांवरूनही पसरते. घरच्या बागेत वापरायला तिच्यावर चालेल असं औषध नाही. दक्षिण इंग्लंडमधल्या कित्येक हौशी लोकांनी हिच्यापायी वर्षानुवर्षांचा संग्रह जाळला आहे. हिवाळाभर हिरवे राहिलेले शेंडे म्हणजे तिला आयतं घर.

म्हणून एकूण एक पान हाताने काढायचं, देठासकट, आणि थेट पिशवीत टाकून तोंड बांधायचं. खताच्या ढिगावर एकही टाकायचं नाही. तीनशे कुंड्यांना मला चार दिवस लागले. त्या वर्षी दोन झाडांवर संशयास्पद शेंडे सापडले. दोन्ही कुंडीसकट पिशवीत गेली. हात धुतले, कात्री स्पिरिटने पुसली, अंगातला कोट बदलला, मग पुढच्या झाडाला हात लावला.

पानं गेली की झाड दिसतं. तोवर आपण हिरवळ बघत असतो, झाड बघत नसतो. फ्यूशियाचे डोळे काडीवर समोरासमोर जोडीने असतात. एखाद्या काडीवर तीन-तीन असतात, अशी काडी मी रंगीत दोरा बांधून वेगळी राखते, कलमाला तिच्यासारखी दुसरी नाही. कुठली काडी आत वळली आहे, कुठे दोन एकमेकींना घासतायत, कुठली बारीक, कामाची नसलेली फेलफूट आहे, हे उघड्या झाडावर एका नजरेत कळतं. फेलफूट मुळापासून काढायची. राहिलेल्या प्रत्येक काडीवर मागच्या वर्षीच्या लाकडावरच्या डोळ्यांच्या एक किंवा दोन जोड्या ठेवायच्या. डोळ्याच्या वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर जागा सोडून, तिरका नाही, सरळ काप घ्यायचा, कारण डोळे दोन्ही बाजूंना आहेत. तिरक्या कापाने एक डोळा हमखास दुखावतो. द्राक्षाच्या सवयीने माझा हात सुरुवातीला तिरका जायचा. तो सरळ व्हायला एक वर्ष गेलं.

ताण दिलेला असला तरी काही कापांतून पाण्याचा थेंब आलाच. मी बोट लावून बघितलं, नुसतं पाणी, चिकट नाही. त्या झाडांना आणखी दोन दिवस तहानलेलं ठेवलं आणि गळणं थांबलं.

सगळ्याच फ्यूशियांना ही इतकी कडक छाटणी चालत नाही. प्लूमिएला बेटावर जी पहिली जात दिसली, ट्रायफिला, तिच्यापासून निघालेल्या जातींचा एक वेगळा गट आहे. लांब नळीसारखी नारिंगी फुलं, पानं मखमली, खालून जांभळट. त्यातली ‘थालिया’ जर्मनीच्या कार्ल बॉन्स्टेट यांची, १९०५ सालची, आणि आजही तिला गिऱ्हाईक आहे. ही उष्ण बेटाची लेक. पाच अंशांत ती कुढते, जुन्या लाकडातून फुटायला खळखळ करते. हिला मी तिसरा हिस्साच कापते, मुळांनाही फार हात लावत नाही, आणि हीटरजवळचा कोपरा राखून ठेवते. तीनशे कुंड्यांत आमच्याकडे तिच्या बावीस. एका मापाने सगळ्यांना कापलं असतं तर बावीसच्या बावीस गेल्या असत्या.

आता कुंडी बदलायचं काम. माझ्या मते झाड खरं काय म्हणतंय ते इथे कळतं. वर पान आहे की नाही, फूट आहे की नाही, यावर माझा आता फारसा विश्वास उरलेला नाही.

डाव्या हाताची बोटं खोडाच्या दोन्ही बाजूंनी मातीवर पसरायची, कुंडी उलटी करायची आणि तिची कड बाकाच्या कडेवर दोनदा आपटायची. मातीचा गोळा अख्खा हातात येतो. चांगला असेल तर त्यावर मुळांचं जाळं दिसतं, आणि जाळ्यात कुठेकुठे पांढरी टोकं. द्राक्षवाल्यांच्या बोलण्यात ‘पांढरी मुळी’ हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. पांढरी मुळी चालू असेल तर झाड खातंय, पितंय. ती नसेल तर वर काहीही दिसो.

२०२४ च्या त्या छाटणीत एके दिवशी ‘मिसेस पॉपल’ या जातीची एक कुंडी मी उलटी केली. छाटण्यापूर्वी रांगेत सर्वांत टवटवीत दिसणाऱ्यांपैकी ही एक. गोळा हातात आलाच नाही, कोरड्या रव्यासारखा बोटांतून सांडला. बाकावर पडलेल्या मातीत पांढुरक्या, जाडसर अळ्या वळवळत होत्या, इंग्रजी सी सारख्या वाकलेल्या, डोकं तपकिरी, पाय नाहीत. मी वेचून मोजल्या, अकरा. हा व्हाइन वीव्हिल नावाचा भुंगा. प्रौढ भुंगा रात्री बाहेर येतो, पानाच्या कडेला अर्धगोल खाचे पाडतो, उडू शकत नाही. आणि नर लागत नाही, मादी एकटीच शेकड्यांनी अंडी घालते. पानावरच्या खाचांनी झाड मरत नाही. मरतं ते कुंडीतल्या अळ्यांनी, त्या बारीक मुळ्या संपवून शेवटी बुंध्याची साल कुरतडतात. या झाडाला मुळी म्हणून चार दोऱ्या उरल्या होत्या, आणि वर हिरवीगार पानं. गार हवेत अळी सुस्तावते, उबेत ती खात राहते. वरची हिरवळ आणि खालची अळी, दोघांना एकच हिवाळा मानवला होता.

ते झाड मी टाकलं नाही. सगळी माती धुऊन काढली, उरलेल्या मुळ्या बादलीतल्या पाण्यात हलवून स्वच्छ केल्या, वरून आणखी छाटलं, एवढंसं बोटभर खोड ठेवलं आणि नऊ सेंटिमीटरच्या कुंडीत बसवलं. शेजारच्या साठ कुंड्यांना सूत्रकृमींचं पाणी दिलं. हे सूक्ष्म कृमी अळीच्या शरीरात शिरून तिला मारतात, माणसाला, झाडाला अपाय नाही. पण माती पाच अंशांपेक्षा उबदार असली तरच ते काम करतात. त्या वर्षी तेवढी ऊब फेब्रुवारीतच होती. एवढा एकच फायदा त्या हिवाळ्याने पदरात टाकला.

निरोगी झाडांचं सोपं असतं. गोळ्याची जुनी माती बोटांनी, हाताच्या छोट्या काट्याने मोकळी करायची. बाहेरची, जाड, वेटोळी झालेली मुळं कात्रीने कापायची. गोळ्याचा साधारण तिसरा हिस्सा जातो. मग नवी कुंडी, आणि ती पहिल्यापेक्षा लहान. तीन लिटरच्या कुंडीतलं झाड दीड लिटरच्या कुंडीत. हे आप्पांना, माझ्या वडिलांना, पटता पटत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर मी दाखवत होते.

“एवढं मोठं झाड अन् कुंडी लहान करायलीस? उलटं नाही का झालं ते, बाळा?”

“आप्पा, वरचं कापलंय, खालची मुळंही कापलीत. आता हे झाड पाणी किती पिणार? मोठ्या कुंडीत घातलं तर चहूकडची माती ओलीच राहील. मुळी पोचायच्या आत ती आंबेल.”

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे वाफसा टिकत नाही.”

हाच तो शब्द. ओल आणि हवा दोन्ही बरोबर असलेली माती. इथे सहा वर्षं मी हे इंग्रजीत समजावून घेत आणि देत होते, चार-चार वाक्यं खर्ची घालून, आणि आप्पांनी एका शब्दात सांगितलं. लहान कुंडीत वाफसा लवकर येतो, एवढीच त्यामागची गोष्ट.

मातीबद्दलही सांगायला हवं. इथल्या रोपवाटिका कित्येक दशकं पीटवर जगल्या. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेलं कुजकं शेवाळ. ते उपसलं की दलदल मरते आणि त्यात कोंडलेला कार्बन हवेत जातो. म्हणून आता पीट सोडण्याकडे सगळ्यांचा कल आहे, आमच्या रोपवाटिकेनेही २०२१ मध्ये सोडलं. त्या जागी सालीचा भुसा, लाकडाचे तंतू आणि नारळाचा काथ्या यांचं मिश्रण येतं. काथ्या येतो तो श्रीलंकेतून आणि आपल्याकडूनच, दक्षिण भारतातून. दाबून केलेली वीट पाण्यात टाकली की तासाभरात फुगून पाटीभर होते. तो ओला वास आला की मला माहेराजवळच्या पिंपळगावकडच्या रोपवाटिका आठवतात, ट्रेमधल्या कोकोपीटात उभी टोमॅटोची रोपं.

वास ओळखीचा, पण वागणूक ओळखायला मला वेळ लागला. काथ्याचं मिश्रण वरून चटकन वाळतं, खाली ओलंच असतं. पीट वाळलं की रंग बदलायचा, त्यावरून पाणी द्यायची सवय पडलेली. २०२१ मध्ये मी वरचं कोरडं बघून पाणी देत गेले आणि नुकत्याच छाटून लावलेल्या पन्नासेक फ्यूशिया मुळं कुजून गेल्या. आता मी माती बघत नाही, कुंडी उचलते. नुकतं पाणी दिलेल्या कुंडीचं वजन हाताला लक्षात ठेवायचं आणि रोज दोन-चार कुंड्या उचलायच्या. हलकी लागेपर्यंत थांबायचं. नव्या मुलामुलींना मी पहिले दोन दिवस हेच करायला लावते, झारीला हात लावू देत नाही.

लावून झाल्यावर एकदा व्यवस्थित पाणी. नंतर पाणी मातीला नाही, लाकडाला. रोज सकाळी उघड्या काड्यांवर बारीक फवारा मारायचा. त्याने साल मऊ होते आणि डोळे फुगायला मदत होते. रात्री ओलं राहू द्यायचं नाही, नाही तर राखाडी बुरशी धरते. फ्यूशिया फुटताना आधी काडीवर बारीक गुलाबी ठिपका दिसतो, टाचणीच्या डोक्याएवढा. चष्मा लावून, काडी उजेडाकडे धरून बघावं लागतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला ठिपका दिसला. तिसऱ्या आठवड्यात सगळ्या बाकांवर. नऊ सेंटिमीटरच्या कुंडीतल्या त्या पॉपलला एप्रिल उजाडला, पण बुंध्याशी दोन कोंब आले.

फूट दोन पानजोड्यांची झाली की शेंडा खुडायचा. एका शेंड्याच्या जागी दोन फुटतात, ते दोन जोड्यांचे झाले की पुन्हा. दोनाचे चार, चाराचे आठ. शेवटचा शेंडा खुडल्यापासून एकेरी फुलांच्या जातींना साधारण आठ आठवडे लागतात, दुहेरींना दहा. द्राक्षवाले तारीख सांगत नाहीत, ‘छाटणीचा चाळिसावा दिवस’ असं सांगतात. मी काचघराच्या पाटीवर खडूने तसंच लिहिते: खुडणीचा दहावा, विसावा. आता सगळेच तसं मोजतात.

त्या वर्षी एप्रिलच्या उत्तरार्धात ज्याची भीती होती ते झालं. उत्तरेचा गार वारा सुरू झाला आणि हवामानाच्या अंदाजात आमच्या दरीसाठी शून्य अंश दिसू लागले. कणखर जातींच्या कुंड्या नुकत्याच बाहेर ठेवलेल्या. संध्याकाळी सहापासून आम्ही चौघे ढकलगाड्यांवर कुंड्या आत नेत होतो, काचघरात पाय ठेवायला जागा उरेना. उरलेल्यांवर फ्लीसचं पांढरं कापड पांघरलं, कडेला विटा ठेवल्या. रात्री झोप नाही. निफाडला कडाक्याच्या रात्री आप्पा बागेत शेकोट्या पेटवायचे, ओळीओळीने धूर जमिनीलगत पसरायचा आणि पहाटे ठिबक चालू करायचे. शाल गुंडाळून मी त्यांच्याबरोबर बांधावर उभी असायची. इथे शेकोटी नव्हती. साडेचारला उठून मी गाडीची काच खरवडली, तेव्हाच कळलं.

फ्लीसखालच्या कुंड्या वाचल्या. जमिनीत लावलेल्या मॅजेलानिकांच्या ओळीला मात्र दणका बसला, वरची सगळी कोवळी फूट चहात बुडवल्यासारखी तपकिरी. पण ती ओळ आम्ही मुद्दाम छाटलेली नव्हती. मार्चपासून गिऱ्हाइकं विचारत होती, ही जुनी लाकडं का ठेवलीत, कसं दिसतं ते. बाहेरच्या झाडाची जुनी काडी दिसायला वाईट असली तरी बुंध्यावर ती पांघरूण असते. उबदार हिवाळ्यात लोकांना वाटतं, वसंत आला, आणि ते मार्चमध्ये बुंध्यापर्यंत छाटतात. कोवळी फूट जमिनीलगत येते आणि एप्रिलच्या एका रात्रीत जाते. आमची जळाली ती वरची. मे उजाडल्यावर मी गुडघ्यावर बसले, जळालेलं सगळं खालपर्यंत काढलं, आणि आत तळाशी हिरवे कोंब जसेच्या तसे होते.

त्याच आठवड्यात आप्पांचा फोन आला. काचघरात दुपारची वेळ, दारं उघडी, एक गलेलठ्ठ भुंगमाशी काचेवर आपटत होती.

“फुटली का गं तुझी ती बारकी कुंडीवाली?”

मी एक कुंडी उचलली, वजन बघितलं, उलटी केली, बाकावर आपटली. गोळा अख्खा हातात आला. फोन जवळ नेला.

“आणखी जवळ धर. उजेडाकडं.”

मी दाराशी गेले. गोळ्याच्या कडेने, काथ्याच्या तांबूस धाग्यांतून, पांढऱ्या मुळ्या चहूबाजूंनी उतरलेल्या होत्या. काही तळाशी वळायला लागल्या होत्या.

“पांढरी मुळी चांगली चालली,” आप्पा म्हणाले. “वळायच्या आत माप वाढव आता.”

मी फोन मातीच्या गोणीला टेकवून उभा केला आणि तीन लिटरच्या कुंड्यांची थप्पी पुढे ओढली.